माळ्यावरची ट्रंक : काय टाकायचे आणि काय राखायचे?

गेल्या महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी केली. एकशे साठ चौरस फुटांची खोली. तीन पिढ्या तिच्यात जन्मल्या, शिकल्या, भांडल्या, १९७४ च्या दंगलीत दार लावून बसल्या. आता पाचशे चौरस फुटांचे घर मिळणार म्हणून घरात आनंद होता. वहिनीने आधीच बजावले होते, "भाऊजी, नव्या घरात जुनी अडगळ आणायची नाही हं. माळ्यावरचं सगळं रद्दीवाल्याला देऊन टाका."

वहिनीचे काही चुकले नाही. कुठल्याही घरात असेच बोलतात. पण माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती, आणि त्या ट्रंकेपुढे माझा हात अडखळला. कारण हा गुन्हा मी एकदा केलेला आहे.

काही वर्षांपूर्वी खोलीला रंग काढताना मीच त्या ट्रंकेतले दोन गठ्ठे रद्दीत दिले होते. त्यात 'प्रबुद्ध भारत'चे अंक होते, चाळीतल्या मंडळाच्या बैठकांची वही होती आणि आजोबांनी हाताने उतरवून घेतलेल्या भीमगीतांची वही होती. किलोच्या भावाने साठ-सत्तर रुपये आले. त्या पैशांत आम्ही रंगाऱ्यांना चहा-भजी दिली. पुढे वर्षभराने १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहावर अभ्यास करणारी एक मुलगी घरी आली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यात आमचे आजोबाही होते. तिने विचारले, "काही कागद आहे का? पावती, पत्र, वही?" माझ्याकडे फक्त 'आजोबा सांगायचे' एवढेच होते. तिने ते लिहून घेतले. पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. ऐकीव गोष्टीला प्रबंधात किती किंमत असते हे तिला ठाऊक होते आणि मला त्या दिवशी कळले.

म्हणून हा लेख. घर आवरणे हा बायकांच्या मासिकातला विषय आहे असे समजून कुणी तो बाजूला सारू नये. घरात काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा आपल्या समाजापुरता इतिहासाचा प्रश्न आहे. किंबहुना तो राजकीय प्रश्न आहे.

आपल्या घरात काय असावे हे कोण ठरवत होते?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, आणि त्यांचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे तिथे सांगितले आहे. नीट विचार करा. आपल्या मालकीची यादी ग्रंथात लिहून ठेवलेला हा समाज आहे. दुसऱ्यांच्या घरात काय असावे हे त्यांच्या ऐपतीवर ठरत होते. आपल्या घरात काय असू नये हे धर्माने ठरवले होते. आणि हे नुसते पोथीत राहिले नाही. मढ्यावरचे कापड महाराचे, मेलेले ढोर महाराचे, उष्टे-शिळे महाराचे. यालाच 'हक्क' म्हणायची पद्धत होती!

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ती एका पोथीची होळी नव्हती. वस्तूंची ती यादीही त्या आगीत गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत, गळ्यातले आणि हातातले जे जाडजूड दागिने तुमची जात लांबून ओळखू देतात ते सोडून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. ऐकणाऱ्या बायका गरीब होत्या. त्यांच्याकडे दागिना म्हणून जे काही होते ते तेवढेच. कुणाला आईने दिलेले, कुणाला सासूने घातलेले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या 'भावनिक मूल्याच्या' वस्तू होत्या. तरी त्यांनी त्या उतरवल्या.

मग आले १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला धम्मदीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा झाल्या, आणि त्यानंतर गावोगावच्या महारवाड्यांत जे घडले त्याला घरांची साफसफाई म्हणता येईल. देव्हाऱ्यातले टाक, खंडोबा, मरीआई, म्हसोबा, पिढ्यान्‌पिढ्या पूजलेले देव टोपलीत भरून नदीत, विहिरीत सोडले गेले. काहींनी मोडीत घातले. घराचा कोपरा मोकळा झाला आणि तिथे बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली. एखाद्या म्हातारीच्या मनात भीती नसेल का? देव कोपला तर नातवाला ताप येईल, असे तिला वाटले नसेल का? वाटले असणारच. तरी तिने टोपली उचलली.

आज घर आवरण्यावर पुस्तके निघतात, व्हिडिओ निघतात, त्याचे वर्ग चालतात. आपल्या आज्यांनी हे काम सत्तर वर्षांपूर्वी केले आहे, तेही फी न भरता! त्यांच्यापुढे कसोटी एकच होती. ही वस्तू मला माणूस म्हणून उभी करते, की माझी गुलामी माझ्या अंगावर आणि घरात टिकवते? गुलामी टिकवत असेल तर ती कितीही जवळची असो, बाहेर.

'आनंद देते का?' हा प्रश्न कुणाचा?

मारी कोंडो या जपानी लेखिकेची पद्धत जगभर गाजली. वस्तू हातात घ्या, ती आनंद देते का ते मनाला विचारा. देत असेल तर ठेवा, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्या. कपडे, कपबश्या, भेट आलेल्या शोभेच्या वस्तू यांच्यासाठी ही कसोटी चांगली आहे. आमच्या घरातूनही त्या हिशेबाने तीन पोती सामान गेले आणि कुणाचे काही अडले नाही.

पण तीच कसोटी आजोबांच्या ट्रंकेला लावून पाहा. तुरुंगातून सुटल्याचा कागद आनंद देतो का? गावकीने वाळीत टाकल्यावर मामलेदाराकडे केलेल्या अर्जाची नक्कल आनंद देते का? दंगलीत डोके फुटले तेव्हाचा दवाखान्याचा केसपेपर आनंद देतो का? नाही देत. हातात घेतला की पोटात कालवते. म्हणजे या कसोटीवर आपला सगळा इतिहास नापास होतो आणि रद्दीत जातो.

ज्यांचा इतिहास सरकारी दफ्तरखान्यात, पुतळ्यांत, पाठ्यपुस्तकांत आणि रस्त्यांच्या नावांत सुरक्षित आहे, त्यांना घरातल्या वस्तूला फक्त आनंद विचारणे परवडते. त्यांनी माळा रिकामा केला तरी त्यांचे काही हरवत नाही. आपले तसे नाही. आपला इतिहास बराचसा माळ्यावरच आहे.

प्रस्थापितांनी आपली अडगळ कशी वापरली

इतिहासाचार्य म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या वि. का. राजवाड्यांनी काय केले ते पाहा. गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांचे माळे आणि तळघरे धुंडाळून त्यांनी रुमालात बांधलेली दफ्तरे मिळवली. वाळवी लागलेले, उंदरांनी कुरतडलेले मोडी कागद त्यांनी वाचले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरची, सरदारांच्या वाड्यांतली, घरमालकाला स्वतःलाही नकोशी झालेली अडगळ अशा रीतीने 'साधन' बनली. त्या साधनांतून इतिहास लिहिला गेला आणि तो महाराष्ट्राचा इतिहास म्हणून शाळेत शिकवला गेला.

राजवाड्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या दफ्तरांत आपण कुठे होतो? जिथे होतो तिथे वेठीच्या हिशेबात, वतनाच्या तंट्यात, शिक्षेच्या नोंदीत. लिहिणारा हात आपला नव्हता. ज्याच्या घरी माळा होता, त्याच्या माळ्यावरून इतिहास उतरला. ज्याच्या घरी छप्परच धड नव्हते, त्याचा इतिहास पावसात गेला. भालचंद्र नेमाड्यांच्या २०१० च्या कादंबरीच्या नावातच 'जगण्याची समृद्ध अडगळ' आहे. ती अडगळ समृद्ध वाटावी एवढी जागा कुणाच्या घरात होती, हाही प्रश्न विचारायला हवा.

विसाव्या शतकात आपल्या लेखणीला बळ आले. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. हे अंक विकत घेणारा गिरणी कामगार, गोदी कामगार, रेल्वेचा खलाशी होता. एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. वाचून झाल्यावर त्याने तो अंक ट्रंकेत ठेवला. का ठेवला? त्याला संग्रहालय ठाऊक नव्हते. पण आपल्याविषयी, आपल्या बाजूने छापलेला हा पहिला कागद आहे एवढे त्याला कळत होते. त्याच्या नातवाला मात्र ते कळले नाही. तो नातू मी.

बाबासाहेबांचे कागद

पुस्तके आणि कागद गमावण्याचे दुःख बाबासाहेबांइतके कुणी भोगले असेल? १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होते. पाणतीराच्या हल्ल्यात ती बोट बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला. त्याच माणसाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते पुस्तकांसाठी बांधले असेच म्हणतात.

आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर? दिल्लीला २६, अलीपूर रोडवर त्यांचे शेवटचे वास्तव्य होते. १९६७ च्या जानेवारीत तिथल्या खोल्या बळजबरीने रिकाम्या करण्यात आल्या, त्यांचे कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले, ही हकीकत त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. ज्याने देशाचे संविधान लिहिले, त्याच्या हस्ताक्षरातले कागद चिखलात! जे उरले ते पेट्यांत बंद होऊन कोर्टकचेरीच्या ताब्यात पडून राहिले. १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारची चरित्र साधने प्रकाशन समिती झाली, वसंत मून यांच्याकडे ते काम आले आणि १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. १९८७ मध्ये 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध झाले तेव्हा केवढे वादळ उठले ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. ते त्या पेट्यांतलेच टंकलिखित होते. लेखकाच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी त्या कागदांनी प्रस्थापितांची झोप उडवली. ती पेटीही त्या पावसात भिजली असती तर?

बाबासाहेबांच्या वापरातल्या काही वस्तू नागपूरजवळ चिचोलीला आणि पुण्यात सेनापती बापट मार्गावरच्या संग्रहालयात आज पाहायला मिळतात. कुणीतरी त्या अडगळ समजून टाकल्या नाहीत म्हणूनच. उलट, २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस एका रात्रीत पाडला गेला. रस्त्यावर मोर्चा निघाला, आपणही गेलो, ते योग्यच झाले. पण त्या प्रेसमध्ये छापलेले कागद आपल्याच घरातून किलोच्या भावाने जातात तेव्हा मोर्चा कुणाविरुद्ध काढायचा?

आजीच्या वहीचे काय?

इथे एक गोष्ट विशेष सांगायची आहे. ट्रंक बहुधा आजोबांची म्हणून ओळखली जाते. आजीची ट्रंक नसते. तिचे असते ते गाठोडे, डबा, उशीखालचा एखादा फोटो. चळवळीतल्या बायकांचा इतिहास म्हणून सर्वांत आधी हरवतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी घरोघर जाऊन अशा बायकांना गाठले, त्यांना बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्या दोघी आणखी दहा वर्षे उशिरा गेल्या असत्या तर त्यातली कितीतरी दारे बंद मिळाली असती.

आणि बेबीताई कांबळे! फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता त्यांनी आपले वाचन वाढवले. 'जिणं आमुचं' त्यांनी घरच्यांच्या नकळत लिहिले आणि ते लिखाण वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्या वर्षांत एखाद्या दिवशी घर झाडताना कुणी त्या वह्या कचऱ्यात टाकल्या असत्या, तर दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांपैकी एक आपण गमावले असते आणि काय गमावले हे आपल्याला कधी कळलेही नसते.

बेबीताईंकडून आणखी एक गोष्ट शिकावी. महारवाड्यातले देव, नवस, अंगात येणे, मढ्यावरचे कापड, हे सगळे त्या पुस्तकात आहे. ते सोडून द्यायला सांगणाऱ्या चळवळीतल्या बाईनेच ते लिहून ठेवले आहे. म्हणजे वस्तू टाकली, साक्ष ठेवली. देव नदीत सोडले, पण ते देव आपल्याला कसे राबवत होते हे विसरू दिले नाही. टाकणे आणि पुसणे यांतला हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप तरुण मित्र घेतात. बाबासाहेबांनी मूर्तिपूजा नाकारली, मग आपण जुन्या वस्तूंची पूजा का करायची? बरोबर आहे, करू नका. हार घालून, अगरबत्ती लावून ट्रंक पुजायची असेल तर ती रद्दीत दिलेली बरी. ट्रंक उघडायची असते. आतला कागद वाचायचा असतो, त्याची तारीख बघायची असते, तो अभ्यासकाच्या हाती द्यायचा असतो. पूजा वस्तूला मुकी करते. साक्ष तिला बोलायला लावते.

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो. सर्व अनित्य आहे, आसक्ती हे दुःखाचे मूळ आहे, मग जुन्या कागदांत जीव का अडकवायचा? भिक्खूला तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके एवढ्याच वस्तू लागतात हे खरे. पण तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर त्याच भिक्खूंनी पहिले काम कोणते केले? ते राजगृहाला जमले आणि त्यांनी संगीती भरवली. आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला, संघाने तो घोकून पाठ केला. वस्तूंचा त्याग करणाऱ्या माणसांनी शब्द मात्र हरवू दिला नाही. बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या घराचे नावही 'राजगृह'च आहे. दोन्ही राजगृहांचा धडा एकच आहे : मालकी सोडा, साक्ष सांभाळा.

मग करायचे काय?

बीडीडीच्या इमारती एकेक करून जात आहेत. २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नागपूर, पुणे, औरंगाबाद, कुठल्याही शहरातल्या जुन्या वस्तीत हेच चालू आहे. घर बदलण्याच्या त्या आठवड्यात घाई असते, टेम्पो दारात उभा असतो आणि निर्णय रद्दीवाला घेतो. म्हणून निर्णय आधी घ्या.

माझा अनुभव असा की ट्रंकेतले सगळे ठेवण्याची गरज पडत नाही. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू आपल्यावरचा अन्याय किंवा आपला लढा सिद्ध करते का? हिच्यासारखी दुसरी कुठे मिळण्याची शक्यता आहे का? आणि हिची गोष्ट सांगणारे माणूस घरात अजून जिवंत आहे का? छापील जयंती-विशेषांक दहा घरांत असेल, पण मंडळाच्या बैठकांची हाताने लिहिलेली वही जगात एकच असते. बाजारात मिळणारी तसबीर पुन्हा घेता येते, पण मोर्चाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत उभी असलेली बाई आपली आजी आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. पत्रके, वर्गणीच्या पावत्या, अर्जांच्या नकला, कोर्टाचे कागद, गाण्यांच्या वह्या, पत्रे हे आधी बाजूला काढा. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी गावोगावच्या कुणाकुणाच्या वहीत विखुरलेली असतात, म्हणून गाण्याची वही तर टाकूच नका.

गोष्ट सांगणारे माणूस जिवंत असेल तर आधी त्याच्याजवळ बसा, कागदाकडे नंतर वळा. फोटो हातात द्या आणि मोबाईलवर त्याचे बोलणे रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो त्यात कायमचा अडकतो. ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. स्कॅन करून एक प्रत भावाकडे, एक बहिणीकडे ठेवा. मूळ कागद कुणा अभ्यासकाला, विहाराच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण लेखी पोच घ्या. आपल्या भोळेपणामुळेही कितीतरी कागद 'वाचून परत देतो' म्हणून गेले आणि परत आले नाहीत.

आणि बाकीचे? फुटके डबे, जुने कपडे, मोडका पंखा, बुरशी लागलेल्या गाद्या खुशाल टाका. ज्यांनी देव टाकले त्यांच्या नातवंडांना गादी टाकायला जड जाऊ नये.

आमच्या ट्रंकेचे सांगून संपवतो. ती गंजलेली होती, भंगारात दिली. आतले बहुतेक कपडे गेले. उरला तो एक मध्यम आकाराचा पुठ्ठ्याचा खोका. त्यात वर्गणीच्या पावत्या आहेत, दोन फाटके 'प्रबुद्ध भारत' आहेत, एक ग्रुप फोटो आहे ज्यातली सात माणसे आजीने ओळखली आणि चार ओळखली नाहीत. अगदी तळाशी, एका जुन्या पासबुकात, घडी घातलेला एक कागद सापडला. आजोबांच्या सुटकेचा. साल १९६५. जिथे घडी होती तिथे तो फाटला आहे, पण नाव वाचता येते.

वहिनीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे नव्या घरात कपाटात, वरच्या खणात ठेवूया." दुसऱ्याच दिवशी त्या अभ्यासक मुलीला मी फोन केला. तिचा प्रबंध सादर होऊन गेला होता. "तरी येते," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी लागेल."

तुमच्या माळ्यावर काय आहे? येत्या रविवारी शिडी लावा.

जय भीम!